बसून बिघडलेला, राबून बिघडलेला : जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी कितीतरी शाळांत एक कपाट उघडले जाते. वर्षभर नकाशांच्या गुंडाळ्यांमागे दडलेले एक जड लोखंडी खोके बाहेर काढले जाते, त्यावरची धूळ झटकली जाते, माईक जोडला जातो आणि बटण दाबले जाते. पुढे तीनच गोष्टी संभवतात. खोके बोलते, घुमते किंवा गप्प बसते. गप्प बसले की शिपाईकाका एक थाप मारून पाहतात. कधीकधी त्या थापेने ते बोलूही लागते. थापेने का बोलते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारण्याजोगा आहे.

भंडारा जिल्ह्यात याच जातीचे खोके आणखी एका ठिकाणी सापडते, ते म्हणजे साऊंड सर्व्हिसवाल्याच्या घरी. भाऊबीजेपासून इकडे गावोगाव मंडई भरू लागतात. त्यांच्याबरोबर दंडार आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. लाखांदूरहून वैनगंगा ओलांडली की वडसा. तिथल्या नाटक मंडळ्या हिवाळाभर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांत फिरतात. रात्रभर नाटक म्हणजे रात्रभर अ‍ॅम्प्लिफायर. शाळेतला आणि मंडईतला हे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर अगदी एकाच कंपनीचे, एकाच वर्षी घेतलेले असू शकतात. दोन्ही बिघडतात, पण सारख्या रीतीने नाही. शाळेतला बसून बिघडतो, मंडईतला राबून. त्यामुळे दुरुस्तीला बसताना पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हा न विचारता ‘याचे आयुष्य कसे गेले?’ हा विचारला, तर निम्मे काम सोपे होते. असे का, ते या लेखात पाहू.

खोक्याच्या आत काय असते?

जुन्या खोक्यांच्या तोंडावर ‘सॉलिड स्टेट’ अशी अक्षरे मोठ्या अभिमानाने छापलेली दिसतात. त्याआधीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांत इलेक्ट्रॉन निर्वात पोकळीतून जात आणि तंतू तापेपर्यंत आवाजाची वाट पाहावी लागे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला आणि तेच काम घन स्फटिकात होऊ लागले. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमच्या अर्धवाहक घटकांचे उत्पादन सुरू केले. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि १९७० ते १९९० च्या काळात सभा, शाळा, मंदिरे आणि नाटके या सगळ्यांचा आवाज त्यांच्यावरच चालला. दिल्लीच्या आहुजा कंपनीची खोकी आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात. त्या काळच्या अनेक खोक्यांना मागे १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीही जोडणी असे. वीज नसलेल्या गावात ट्रॅक्टरची बॅटरी जोडून सभा होत असे. ही जोडणी दुरुस्तीत फार उपयोगी पडते, तिच्याकडे पुढे येऊ.

झाकण उघडले की एका कोपऱ्यात जड रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) दिसते. ते २३० व्होल्टचा दाब कमी करते. त्यानंतर चार डायोड येतात. ते उलटसुलट वाहणारी धारा एकाच दिशेला वळवतात. मग डब्यासारखे एक-दोन मोठे कंडेन्सर (धारित्रे) दिसतात, ती त्या धारेतले चढउतार भरून काढतात. हे झाले वीजघर. दुसऱ्या बाजूला माईकच्या जोडणीपासून आवाजाचा रस्ता सुरू होतो. माईककडून येणारा दाब मिलिव्होल्टमध्ये मोजावा लागतो इतका क्षीण असतो. लहान ट्रान्झिस्टर तो वाढवतात, मग आवाज आणि सूर कमीजास्त करण्याची बटणे येतात, मग मधला चालक ट्रान्झिस्टर आणि शेवटी मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यांवर बसवलेले दोन किंवा चार मोठे ट्रान्झिस्टर. पतंगाच्या आकाराच्या धातूच्या टोपीत असलेला हा ट्रान्झिस्टर बहुधा २एन३०५५ असतो. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने तो १९६० च्या दशकात बाजारात आणला. आजही तो बनतो आणि मिळतो, ही दुरुस्तीच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

आधी जिवाची काळजी

पुढे जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला तर कार्यक्रम बिघडतो एवढेच. पण त्याच्या रोहित्राचे आवरण कुजून २३० व्होल्ट लोखंडी पेटीत उतरले, तर ते माईकच्या तारेच्या जाळीतून माईकच्या धातूच्या दांड्यापर्यंत पोहोचतात. ऑगस्टचा महिना, पावसाने भिजलेले मैदान, अनवाणी उभी असलेली मुलगी आणि तिच्या हातात तो माईक, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पेटी तीन पिनांच्या प्लगने खऱ्याखुऱ्या अर्थिंगला जोडलेली असेल, तर फ्यूज उडेल आणि मुलगी वाचेल. दोन पिनांचा प्लग असेल, तर ती धारा तिच्या शरीरातून जमिनीत जाईल. म्हणून आवाज येवो न येवो, जुन्या खोक्याची पहिली दुरुस्ती म्हणजे तीन पिनांचा प्लग आणि अखंड हिरवी तार. प्लगच्या मोठ्या पिनेपासून पेटीच्या उघड्या धातूपर्यंतचा रोध मल्टिमीटरने मोजावा, तो जवळजवळ शून्य यायला हवा. वीजपुरवठ्याच्या दोन पिना आणि पेटी यांच्यात मात्र रोध अनंत दिसला पाहिजे. साध्या मल्टिमीटरची ही चाचणी कच्ची आहे. गावातल्या वायरमनकडे मेगर असेल तर त्याच्याकडून ती पक्की करून घ्यावी. शाळेच्या वीजजोडणीत गळतीधारा ओळखून वीज तोडणारा स्विच (ईएलसीबी किंवा आरसीसीबी) असेल तर फारच उत्तम.

प्लग काढला म्हणजे धोका संपला असेही नाही. मोठ्या कंडेन्सरमध्ये ऊर्जा साठलेली असते. ४७०० मायक्रोफॅरड आणि ४० व्होल्ट धरले, तर ½CV² या सूत्राने ती सुमारे पावणेचार ज्यूल येते. पेचकसाने टोके जोडली तर ठिणगी उडून पेचकसाचे टोक वितळते. त्याऐवजी १०० ओहम, ५ वॅटचा रोध काही सेकंद टेकवावा. विद्यार्थ्यांनी निरीक्षण करावे, प्लग काढलेल्या खोक्यावर मोजमापे घ्यावीत. वीज चालू असताना आत हात घालण्याचे काम जाणत्या कारागिराचेच.

फ्यूज काय सांगतो?

खोके गप्प असेल तर फ्यूज पाहतात. पण तो नुसता बदलण्याआधी उजेडात धरून बघावा. आतली तार मधोमध तुटून काच स्वच्छ असेल, तर ती बहुधा वर्षानुवर्षे तापून-थंड होऊन थकली आहे. काच आतून काळी किंवा आरशासारखी झाली असेल, तर तार क्षणात वाफ होऊन उडाली आहे. म्हणजे आत कुठेतरी थेट शॉर्ट आहे आणि नवा फ्यूजही त्याच वाटेने जाणार.

अशा वेळी फ्यूजच्या जागी लवचिक वायरीतली एक बारीक तार गुंडाळण्याची आपल्याकडे रीत आहे. ०.२ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार वितळायला सुमारे ७ अँपिअर लागतात. ६० वॅट खेचणाऱ्या खोक्याची नेहमीची धारा पाव अँपिअरच्या जवळ असते आणि त्याचा फ्यूज फार तर १ अँपिअरचा असतो. तेव्हा त्या तारेआधी रोहित्र जळते. जळलेली रोहित्रे पाहिली की मला ती तारच आठवते.

कारागिराच्या टेबलावरचे सर्वांत हुशार साधन या ठिकाणी कामाला येते, ते म्हणजे सिरीज बोर्ड. एका लाकडी फळीवर १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तंतूचा बल्ब खोक्याच्या एकसरीत जोडलेला असतो. खोके चालू केल्यावर बल्ब क्षणभर चमकून मंद झाला, तर सगळे ठीक आहे. तो क्षणभराचा उजेड म्हणजे कंडेन्सर भरण्यासाठी गेलेली धारा. बल्ब लखलखीत राहिला, तर आत शॉर्ट आहे. मात्र नुकसान काहीच होत नाही, कारण जास्तीचा दाब बल्बने स्वतःवर घेतलेला असतो.

यामागचे भौतिकशास्त्र वर्गात सांगण्याजोगे आहे. पूर्ण पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बचा रोध २३०² ÷ १०० म्हणजे ५२९ ओहम. तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरने मोजा, रोध सुमारे ४० ओहम भरेल. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो म्हणून हा फरक. खोके निरोगी असेल तेव्हा धारा थोडी असते, तंतू गार राहतो आणि फारसा आड येत नाही. शॉर्ट असेल तेव्हा तंतू तापून स्वतःचा रोध दहापटीहून जास्त वाढवतो आणि धारा पाऊण अर्धा अँपिअरच्याही आत रोखून धरतो. एलईडी बल्बने हे काम होत नाही, त्याच्या पोटातले सर्किट निराळे असते. तंतूचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत. कोणाच्या घरी जुना सापडला, तर प्रयोगशाळेसाठी मागून घ्यावा.

बसण्याचा आजार, राबण्याचा आजार

आता त्या डब्यासारख्या कंडेन्सरकडे वळू. सुरुवातीला म्हटलेले दोन आयुष्यांचे कोडे तिथेच उलगडते. या कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रावणाने ओला केलेला कागद यांची गुंडाळी असते. धन पट्टीवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. दर व्होल्टला साधारण १.४ नॅनोमीटर या हिशेबाने ५० व्होल्टच्या कंडेन्सरमध्ये तो ७० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या चौदा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. सगळे काम या थरावर आणि त्या ओलाव्यावर चालते.

ओलावा उष्णतेने रबरी बुचातून हळूहळू उडतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झाले की कंडेन्सरचे आयुष्य दुप्पट होते. समजा, त्यावर ८५ अंशांना २००० तास अशी हमी आहे आणि खोक्याच्या आत ६५ अंश तापमान आहे. मग आयुष्य चौपट, म्हणजे ८००० तास झाले. मंडईतला अ‍ॅम्प्लिफायर वर्षाला ९० रात्री, रोज ८ तास चालला असे धरू. ७२० तास झाले. ८००० ला ७२० ने भागले तर अकरा वर्षे. साऊंड सर्व्हिसवाले दहा-बारा वर्षांनी मोठे कंडेन्सर बदलतात, ते या हिशेबाशी जुळते.

शाळेतला अ‍ॅम्प्लिफायर वर्षाला १० दिवस, ४ तास चालला तर ४० तास. या हिशेबाने त्याचा कंडेन्सर दोनशे वर्षे टिकायला हवा! प्रत्यक्षात तो वीस-पंचवीस वर्षांत मान टाकतो. याचे कारण त्या ऑक्साइडच्या थरात आहे. कंडेन्सरला मधूनमधून दाब मिळाला, तर धारेच्या अंशाने थरातली बारीक भोके आपोआप बुजतात. वर्षभर दाबच मिळाला नाही, तर द्रावण थराला खाऊ लागते. मग १४ ऑगस्टला एकदम पूर्ण दाब बसतो, गळती धारा वाढते, आतले द्रावण तापते आणि कंडेन्सर फुगतो. शिवाय रबरी बूच वापरले नाही म्हणून म्हातारे व्हायचे थांबत नाही.

बसण्याचे इतर परिणामही होतात. जोडण्यांच्या पृष्ठभागावर काळपट थर चढतो. बटणांतली कार्बनची पट्टी धुळीने माखते. पावसाळ्याची दमट हवा रोहित्राच्या कागदी आवरणात शिरते. उंदीर आत घर करतात आणि त्यांच्या मुत्राने छापील पट्टीवरचे तांबे हिरवे होऊन तुटते. राबण्याचे आजार वेगळे आहेत. तापणे आणि थंड होणे यांमुळे जड भागांखालचे डाग (सोल्डर) भेगाळतात, ट्रान्झिस्टर जळतात आणि फार भोंगे जोडल्याने रोहित्र तापते.

त्यामुळे शाळेतले खोके अनेक वर्षांनी काढले असेल, तर त्याला एकदम पूर्ण दाब देऊ नये. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डिमरस्टॅट असतो. त्यावर ४० व्होल्टपासून सुरुवात करून दर दहा मिनिटांनी २० व्होल्ट वाढवत न्यावे. दीड-दोन तासांत थर पुन्हा बऱ्यापैकी जमतो. कंडेन्सर गरम होऊ लागला, तर मात्र तो गेलाच असे समजून बदलावा. आणि खरे तर महिन्यातून एकदा, परिपाठाला का होईना, अर्धा तास खोके चालवले तर हा खटाटोप करावाच लागणार नाही.

घुमण्यातले दोन सूर

खोके बोलते, पण सतत ‘हूँऽऽ’ असे घुमते, ही नेहमीची तक्रार आहे. हा घुमण्याचा सूर दोन प्रकारचा असतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. चार डायोडांतून ती गेली की दर आवर्तनाची दोन्ही अर्धी एकाच बाजूला येतात, म्हणून वीजघरातला उरलासुरला चढउतार १०० हर्ट्झचा असतो. मोठा कंडेन्सर सुकला की हा १०० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. माईकच्या तारेची जाळी तुटली, तर आसपासच्या वीजतारांचा ५० हर्ट्झचा सूर आत शिरतो. १०० आणि ५० म्हणजे नेमके एका सप्तकाचे अंतर! पेटी वाजवणाऱ्या संगीत शिक्षकांना हा फरक चटकन कळतो. एक काळजी घ्यावी. भोंगा इतके खालचे सूर नीट वाजवू शकत नाही, म्हणून या चाचणीला खोक्यातला साधा मोठा स्पीकर जोडावा.

कान तयार नसतील तर आवाजाचे बटण शून्यावर न्यावे. घुमणे तसेच राहिले, तर दोष बटणाच्या पुढे, बहुधा वीजघरात आहे. घुमणे थांबले, तर तो बटणाच्या मागे, माईककडे आहे. आणि बॅटरीची जोडणी असलेल्या खोक्यात याहूनही सोपी कसोटी आहे. तेच खोके १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावे. घुमणे गेले, तर वीजघर दोषी. विजेवर मुके आणि बॅटरीवर बोलके असेल, तर रोहित्र, डायोड, स्विच आणि फ्यूज एवढ्यांतच शोधायचे. बॅटरीची धन-ऋण टोके मात्र दोनदा पाहून जोडावीत. उलटी जोडली तर नवीन आजार जडेल.

सोळा जोड, चार प्रश्न

या कसोट्यांत एक युक्ती पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक प्रश्न असा विचारायचा की उत्तर काहीही आले, तरी निम्मे खोके निर्दोष ठरावे. एक ते चौसष्टमधली मनात धरलेली संख्या मुले सहा प्रश्नांत ओळखतात, तोच हा खेळ. माईकची तार, माईकची जोडणी, पहिला ट्रान्झिस्टर, आवाजाचे बटण, सुराचे बटण, चालक, शेवटचे ट्रान्झिस्टर, भोंगा असे आठ टप्पे धरले, तर तीन चाचण्या पुरतात. आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला कारागीर बारीक पेचकसाचे धातूचे टोक बोटाने धरून टेकवतो. आपल्या शरीरात आसपासच्या विजेने ५० हर्ट्झचा अगदी क्षीण दाब निर्माण झालेला असतो, तो आत जाऊन भोंग्यातून गुरगुर ऐकू आली, तर बटणापासून पुढचे सगळे ठीक आहे.

वर्गासाठी याचा एक स्वस्त प्रयोग करता येतो. लाकडी पट्टीवर सतरा स्क्रू ओळीने लावावेत आणि शेजारच्या दोन स्क्रूंना एकेका तारेच्या तुकड्याने जोडावे. असे सोळा तुकडे होतील. त्यांतल्या एका तुकड्याच्या टोकाला आधीच नेलपॉलिश लावून ते वाळू द्यावे, म्हणजे जोड दिसतो पण धारा जात नाही. आता एक सेल आणि टॉर्चचा बल्ब देऊन मुलांना दोष शोधायला सांगावे. बहुतेक मुले पहिल्या तुकड्यापासून सुरुवात करतात. सेल आणि बल्ब पहिल्या व नवव्या स्क्रूला लावून पाहणारे एखादे मूल निघते आणि चार चाचण्यांत दोष पकडते. बाकीच्यांना ते कसे जमले, हे त्यानेच समजावून सांगावे.

माझा अनुभव असा की सगळे टप्पे मोजण्याआधी दोन्ही टोके पाहावीत. ‘अ‍ॅम्प्लिफायर बिघडला’ म्हणून येणाऱ्या खोक्यांपैकी बऱ्याच खोक्यांचा दोष माईकच्या तारेत, अगदी पिनेजवळ, निघतो. भोंग्याच्या यंत्राला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.

आणि ती सुरुवातीची थाप? थापेने बोलणाऱ्या खोक्यात कुठेतरी जोड सैल आहे. कंडेन्सर किंवा ट्रान्झिस्टर थापेने बरे होत नाहीत. बारीक बांबूची काडी घेऊन एकेका भागाला हलकेच टोचत जावे, ज्या ठिकाणी खरखर होते तिथला डाग भिंगातून पाहावा. पायाभोवती केसासारखी गोल भेग दिसेल. जुने कथील काढून नवा डाग दिला की काम झाले. बटण फिरवताना होणारी खरखर मात्र वेगळी आहे. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा विकतच्या कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होते. पूर्वी यासाठी सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास वापरत, ते यकृताला घातक आहे, कपाटात जुनी बाटली सापडली तरी वापरू नये. साफ केल्यावर आठवड्यात खरखर परत आली, तर बटणाच्या टोकांवर एकदिश दाब मोजावा. तो शून्य हवा. नसेल तर आधीचा छोटा कंडेन्सर गळतो आहे आणि बटणाचा काहीच दोष नाही.

मोठे ट्रान्झिस्टर का जळतात?

शेवटच्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एक ध्वनितरंगाचे वरचे अर्धे आणि दुसरा खालचे अर्धे पेलतो. हळू आवाजात बोलणे घोगरे आणि मोठ्या आवाजात बरे, असे झाले तर दोघांमधला सांधा जुळत नाही. त्यांना थोडी धारा देऊन सदा जागे ठेवणारी जोडणी, म्हणजे बायस, बिघडली आहे. उलट हळू आवाज ठीक आणि मोठा आवाज फाटका असेल, तर एक ट्रान्झिस्टर मेला आहे किंवा वीजघर कमी पडते आहे.

बायसचा उष्णतेशी जवळचा संबंध आहे. सिलिकॉन ट्रान्झिस्टरला जागे करायला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, पण दर अंशाला हा आकडा २ मिलिव्होल्टने उतरतो. ट्रान्झिस्टर ४० अंशांनी तापला आणि बाहेरून दिलेला दाब तितकाच राहिला, तर धारा दहापटीहून अधिक वाढू पाहते. धारेने तो आणखी तापतो, तापल्याने धारा आणखी वाढते. हे चक्र रोखायला पंख्यांवर एक डायोड किंवा थर्मिस्टर चिकटवलेला असतो. तो सुटून लोंबकळत असेल, तर ट्रान्झिस्टर कितीही बदला, मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ गेला की ते पुन्हा जळणार. ट्रान्झिस्टरची टोपी म्हणजेच त्याचा कलेक्टर, म्हणून टोपी आणि पंखे यांच्यामध्ये अभ्रकाची चकती असते. ती वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. ट्रान्झिस्टर बसवताना धातूचा एक कणही खाली राहिला, तर चकतीला भोक पडते. टोपी आणि पंखे यांच्यात रोध अनंत आहे ना, हे वीज देण्याआधी पाहावे. चकतीच्या दोन्ही बाजूंना उष्णतावाहक पांढरे मलम ताजे लावावे.

ट्रान्झिस्टर मेला की नाही हे मल्टिमीटरच्या डायोड चाचणीने कळते. बेसपासून एमिटर आणि कलेक्टर दोन्हीकडे एका दिशेने ०.६ च्या आसपास आकडा यावा, कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी काहीच जाऊ नये. जळालेल्या २एन३०५५ मध्ये बहुधा इथेच शून्य दिसते. फार जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांत हा आकडा ०.२ ते ०.३ येतो, तो दोष समजू नये. एक जळाला तरी जोडीतले दोन्ही बदलावेत, एमिटरच्या छोट्या रोधांकडेही पाहावे. बाजारात या ट्रान्झिस्टरच्या नकला भरपूर आहेत. मोठ्या टोपीत इवलासा स्फटिक घातलेला असतो आणि तो पहिल्याच मंडईत जातो. ओळखीच्या दुकानातून घ्यावा. लहान बीसी १४८ च्या जागी बीसी ५४८ चालतो, मात्र त्याच्या तीन पायांचा क्रम ताडून पाहावा.

राबणाऱ्या खोक्यांचे ट्रान्झिस्टर जळण्याचे आणखी एक कारण खोक्याच्या बाहेर असते, ते म्हणजे भोंग्यांची जोडणी. ८ ओहमचा भोंगा १०० मीटरवर १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेने जोडला, तर जाऊन-येऊन तारेचा रोध सुमारे साडेतीन ओहम होतो आणि जवळपास ३० टक्के शक्ती तारेतच संपते. आवाज कमी वाटतो, म्हणून चालवणारा बटण पिळत राहतो. लांबच्या भोंग्यांसाठी मागे ‘१०० व्होल्ट’ असे टोक असते. त्यावर ३० वॅटला फक्त ०.३ अँपिअर धारा लागते आणि तारेतली घट एक टक्क्यावर येते. मात्र त्यासाठी भोंग्याला जुळणीचे छोटे रोहित्र हवे, आणि सगळ्या भोंग्यांच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त होता कामा नये. मोठ्या आवाजात हे टोक झटका देण्याइतके धोकादायक असते, त्याला उघडी तार ठेवू नये.

दुरुस्त खोक्याची शेवटची परीक्षाही याच टोकावर घेता येते. ३० वॅटच्या खोक्याला भोंग्याऐवजी ६० वॅटचा तंतूचा बल्ब, टोके नीट झाकून, १०० व्होल्टवर जोडावा. माईकऐवजी एकच सूर धरलेली पेटी किंवा रेकॉर्डिंग लावून आवाज सावकाश वाढवावा. बल्ब लालसर पेटू लागतो. १०० व्होल्टला तो सुमारे १६ वॅट शक्ती घेतो, आणि वर्गाला कानठळ्या बसत नाहीत. मग कोणीतरी माईकवर बोलावे, शब्दागणिक उजेड कमीजास्त होताना दिसेल. अर्धा तास असे चालवून बंद करावे आणि मोठे ट्रान्झिस्टर, रोहित्र आणि कंडेन्सर यांना बाहेरून हात लावून पाहावा. दोन ट्रान्झिस्टरांपैकी एकच जास्त तापला असेल, तर काम राहिले आहे. सगळे ठीक असेल, तर बायसची धारा, मोठ्या कंडेन्सरवरचा दाब, फ्यूजचा आकडा आणि दुरुस्तीची तारीख एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा.